करमतं ना?

मराठी भाषेत काही प्रश्न असे आहेत, की त्यांचं उत्तर विचारणाऱ्यानं आधीच घरून आणलेलं असतं. 'ओळखलंत ना?' याचं उत्तर 'म्हणजे काय!' असंच द्यायचं असतं. मग समोरचे गृहस्थ कोण हे आठवेपर्यंत ते चहा पिऊन निघून का जाईनात! नव्या नवरीला विचारला जाणारा 'करमतं ना?' हा त्याच जातीचा प्रश्न. त्यातला 'ना' फार महत्त्वाचा. 'करमतं का?' असं विचारलं, तर उत्तराला निदान दोन दारं राहतात. 'ना' लावला की मागचं दार बंद होतं आणि पुढच्या दारात सासूबाई उभ्या असतात.

'करमणे' हे क्रियापदही मोठं गमतीचं आहे. 'मी करमते' असं कोणी म्हणत नाही. 'मला करमतं' असं म्हणतात. म्हणजे भूक लागते, ताप येतो, झोप येते, तसं ते आपलं आपण होतं. त्यात कोणी काही करायचं नसतं. आता एवढं करूनही नाहीच झालं, तर दोष कोणाचा हे व्याकरण सांगत नाही. ते काम सासरच्या मंडळींकडे सोपवलेलं आहे.

हे विचार मला देवळाली कॅम्पात सुचावेत यात नवल नाही. कारण न करमण्याच्या बाबतीत आमच्या गावाची कीर्ती थेट आंतरराष्ट्रीय आहे. १८६१ च्या सुमारास इंग्रजांनी इथे छावणी वसवली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेल्या गोऱ्या शिपायांना इथे आणून ठेवायचं आणि मुंबईहून बोट मिळाली की विलायतेला धाडायचं, अशी ती व्यवस्था. पण फौजेच्या बोटी थंडीच्या हंगामातच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडी संपे तो बिचारा महिनेच्या महिने इथेच अडके. हाताला काम नाही, वर ऊन आणि भरीला मलेरिया. काहींची डोकी फिरली. त्या अवस्थेला शिपायांच्या बोलीत 'डुलाली टॅप' असं नाव पडलं. डुलाली म्हणजे आमची देवळाली आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप. आजही इंग्रजी शब्दकोशात 'डुलाली' पाहा, अर्थ दिलेला आहे : डोकं फिरलेला. बीबीसीनं १९७४ ते १९८१ या काळात फौजी नाटकमंडळीवर एक विनोदी मालिका दाखवली, तिची सुरुवातसुद्धा देवळालीच्याच छावणीत होते.

आता तुम्हीच सांगा. चार-सहा महिने इथे काढावे लागले म्हणून धडधाकट शिपायांची डोकी फिरतात आणि शब्दकोशात शब्द दाखल होतो. शिवाय शिपायाचा पगार चालू होता, जेवण आयतं होतं आणि उशिरा का होईना, बोट नक्की होती. लग्न होऊन इथे आलेली बाई पन्नास वर्षं राहते. तिला बोट नाही. तिच्यासाठी कुठल्या शब्दकोशानं काय केलं? काहीही नाही. तिनं आपलं कैरीचं लोणचं घातलं आणि बरणीला दादरा बांधला.

माझा गावावर राग आहे असं मात्र कोणी समजू नये. इथल्या हवेसाठी पारशी आणि गुजराती मंडळींनी सॅनिटोरियमं बांधली. मुंबईचे लोक पैसे मोजून इथली हवा खायला येतात. हवेबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. पण हवा ही काही सासरची नसते.

लग्नासाठी गाव सोडणाऱ्या बायका आपल्या देशात आहेत तरी किती? २०११ च्या जनगणनेत पंचेचाळीस कोटींहून अधिक माणसं अशी निघाली, की जी आपलं मूळचं ठिकाण सोडून दुसरीकडे राहत होती. त्यातल्या सुमारे एकवीस कोटींनी कारण सांगितलं : विवाह. या एकवीस कोटींत पुरुष होते जेमतेम अर्ध्या कोटीच्या आसपास. (घरजावई म्हणून आपण ज्यांची थट्टा करतो, त्यांची संख्या एखाद्या मोठ्या शहराएवढी आहे. त्यांनी मनावर घेतलं तर आपली काही धडगत नाही.) २०२०-२१ च्या सरकारी पाहणीतही स्थलांतरित बायकांपैकी शंभरातल्या सुमारे सत्त्याऐंशी जणींनी लग्न हेच कारण दिलं. तरी यांतल्या एकीलाही कोणी 'स्थलांतरित' म्हणत नाही. नोकरीसाठी नाशिक रोडहून ठाण्याला गेलेला मुलगा स्थलांतरित. त्याच्यावर परिसंवाद होतात. गुहागरहून देवळालीला आलेली मुलगी 'सासरी गेली'. जणू बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत गेली.

रावेनस्टाईन नावाच्या एका भूगोलतज्ज्ञानं १८८५ साली ब्रिटनच्या खानेसुमारीवरून स्थलांतराचे नियम मांडले. त्यात जवळच्या अंतरावर बायकाच पुरुषांपेक्षा जास्त हलतात, असं त्यानं नोंदवून ठेवलं. त्या बिचाऱ्याला आकडेमोड करावी लागली. आपल्याकडे ते कोणत्याही एसटी स्टँडवर मे महिन्यात दिसतं.

मी गुहागरची. १९७९ सालच्या मे महिन्यात आले. कोकणात त्या वेळी 'मुलगी घाटावर दिली' असं म्हणत, आणि म्हणताना आवाज जरा खाली येई. हे 'दिली' सुद्धा ध्यानात घ्या. मुलगी देतात. मुलगा 'लागतो', 'चिकटतो', 'स्थिरावतो'. त्याला कोणी कुठे देत नाही. आणि देताना आशीर्वाद असा, की दिल्या घरी सुखानं नांद. आशीर्वाद म्हणून तो उत्तमच आहे. पण व्याकरणात त्याला आज्ञार्थ म्हणतात.

त्या आज्ञेचं पालन करायला मी पहिल्याच सकाळी बसले, तोच धडाड्कन आवाज झाला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. मला वाटलं युद्धच सुरू झालं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तोफखान्याचा सराव आहे. दूध बघ, उतू जाईल." आमच्या गावात गोळीबाराचं शिक्षण देणारी भारतीय लष्कराची मोठी शाळा आहे, हे मुलगी बघायला आले तेव्हा कोणी बोललं नव्हतं. पगार, घर, शेती सगळं सांगितलं; तोफा राहूनच गेल्या.

मग हळूहळू बाकीच्या गोष्टी कळल्या. आमटीत आमसूल पडत नाही, चिंच पडते. नारळ देवाला फोडतात; भाजीत घालायला शेंगदाण्याचं कूट असतं. भाकरी तांदळाची नव्हे, बाजरीची, आणि ती थापताना नव्या मुलीच्या हातून भारताच्या नकाशासारखी होते. नाव तर लग्नाच्या दिवशीच तांदळात अंगठीनं लिहून बदललेलं. त्यामुळे 'अगं' म्हटल्याशिवाय मी वळतच नसे. माहेरी जायचं तर आधी आगगाडीनं कसारा घाट उतरून दादर, तिथून रात्रभर एसटी. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ साल उजाडलं, तोवर माझं माहेर म्हणजे दीड दिवसाचा प्रवास आणि तीन दिवसांची कंबरदुखी.

आणि माहेरी पाठवायचं पत्र? 'येथील सर्व क्षेम. मला येथे छान करमते. काळजी नसावी.' पोस्टकार्ड असल्यामुळे ते आधी घरात दोघांनी वाचलेलं असे, मग पोस्टमननं, मग तिकडच्या पोस्टमननं. एवढ्या वाचकवर्गापुढे कोण खरं लिहील? सुखाची सरकारी आकडेवारी तयार होते ती अशी.

परवा माझ्या भाचीची मुलगी समाजशास्त्राच्या परीक्षेसाठी आमच्याकडे एक प्रश्नावली घेऊन आली. विषय : विवाहामुळे स्थलांतर केलेल्या स्त्रियांचं जीवन-समाधान. गुरुवार होता, भजनी मंडळ बसलेलंच होतं, त्यामुळे तिला स्थलांतरित स्त्रिया शोधायला बाहेर जावं लागलं नाही. टाळ बाजूला ठेवून आम्ही सगळ्या शास्त्राच्या सेवेला सज्ज झालो.

ती म्हणाली, "अशी कल्पना करा, की एक शिडी आहे. खालची पायरी शून्य म्हणजे तुमच्या दृष्टीनं वाईटात वाईट आयुष्य, वरची दहावी म्हणजे चांगल्यात चांगलं. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात?" ही शिडी कॅन्ट्रिल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६५ साली मांडली. २०१२ पासून जगातल्या देशांच्या सुखाचे जे क्रमांक लागतात, ते याच शिडीवरून. आमच्या मंडळातल्या सर्वांत वयस्क आजींनी पहिला प्रश्न विचारला, "चढायचीच आहे का? गुडघे दुखतात."

जळगावकडच्या वहिनी म्हणाल्या, "आठ." मग दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "सहाच आहे, पण आठ लिही. सून पलीकडेच आहे." बेळगावच्या काकूंनी विचारलं, "कुणाच्या मानानं? माझ्या बहिणीच्या मानानं नऊ, भावाच्या मानानं चार." फौजेच्या क्वार्टरमधून आमच्यात येणारी पंजाबी बाई म्हणाली, की दर दोन-तीन वर्षांनी शिडीच उचलून दुसऱ्या गावाला न्यावी लागते, पायऱ्या मोजायला सवड कोणाला? लॅम रोडवरच्या एका सिंधी भाभी दोन गल्ल्यांवरून दिलेल्या; माहेरच्या गच्चीवरचे कपडे सासरहून दिसतात. भाचीची लेक म्हणाली, "मग तुम्ही स्थलांतरित नाही." त्या म्हणाल्या, "बेटा, दो गली हो या दो सौ मील, जाताना विचारावं तर लागतंच ना!"

यानंतर दुसरी फूटपट्टी निघाली. ती डीनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाची आणि त्याच्या सहकाऱ्यांची, १९८५ सालची. पाच वाक्यं, प्रत्येकाला एक ते सात गुण. शेवटच्या वाक्याचा भावार्थ असा, की आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर मी जवळजवळ काहीही बदलणार नाही. यावर मात्र मंडळात शांतता पसरली. काहीही म्हणजे त्यात नवराही आला. शेवटी आजी म्हणाल्या, "वटसावित्रीला सात जन्मांचं आधीच कबूल केलंय. आता कागदावर वेगळं कसं लिहू?"

बेरीज झाली तर आम्ही सगळ्या भरघोस समाधानी निघालो. पोरगी खूश होऊन गेली. मी मात्र रात्रभर जागी. आम्ही खोटं बोललो होतो का? तसंही नाही. माझंच सांगायचं तर मला आज इथे खरोखरच करमतं. तोफेचा आवाज चार दिवस आला नाही तर चुकल्यासारखं होतं. मग अडचण कसली?

एल्स्टर नावाच्या नॉर्वेच्या तत्त्वज्ञानं १९८३ साली याच अडचणीवर एक पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'सोअर ग्रेप्स', म्हणजे आंबट द्राक्षं. नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्या बाईला द्राक्षांबद्दल कोणी शिकवू नये खरं तर. पण त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. कोल्ह्याचा हात पोचला नाही म्हणून द्राक्षं आंबट, हे आपल्याला ठाऊक आहे. एल्स्टर विचारतो, की मिळण्यासारखं नाही म्हणून माणसाची इच्छाच बदलली, तर त्या बदललेल्या इच्छेच्या समाधानाला काय किंमत द्यायची? अमर्त्य सेन यांनीही हेच बजावलंय : वर्षानुवर्षं वंचित राहिलेला माणूस थोडक्यात सुख मानायला शिकतो, म्हणून नुसतं 'सुखी आहे' या उत्तरावर त्याचं बरं चाललंय असं ठरवू नये.

आमची गोष्ट कोल्ह्याच्या उलटी. आम्हाला एका वेलाशी आणून बांधलं आणि सांगितलं, हीच गोड. आणि काय सांगू, काही वर्षांनी ती गोड लागायला लागली! आता ही गोडी खरी की खोटी?

आमच्याकडे द्राक्षाच्या वेलाला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी. तेव्हा वेल पार बोडका करतात. ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. त्यानंतर घड धरतात. खरडल्याशिवाय गोडी नाही, असं बागाईतदार सांगतात आणि वेलाच्या बाबतीत ते खरंही आहे. सुनेच्या बाबतीत हाच दाखला देणारी वडीलधारी माणसं मी खूप ऐकली. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की घड बागाईतदार नेतो, आणि वेलाकडे अजून कोणी प्रश्नावली घेऊन गेलेलं नाही.

तरीपण तत्त्वज्ञांचंही मला पुरतं पटत नाही. आमचं सुख म्हणजे नुसती मनाची फसवणूक, असं कोणी म्हटलं तर राग येतो. एल्स्टर स्वतःच एक फरक करतो : नकळत मन वळणं वेगळं आणि माणसानं समजून-उमजून ते वळवणं वेगळं. हा फरक बायकांना जुनाच आहे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिकेचं उदाहरण घ्या. १८८० च्या सुमारास, अकरा-बारा वर्षांची असताना तिचं लग्न झालं आणि ती लक्ष्मीबाई टिळक झाली. नवरा कवी, नारायण वामन टिळक. आज या गावी, उद्या त्या गावी. घरात असलेलं देऊन टाकायचं आणि नसलेल्याची फिकीर करायची नाही. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि पुढची जवळजवळ पाच वर्षं बाई वेगळ्या राहिल्या. मग स्वतः विचार करून, स्वतःच्या पायांनी त्या परत गेल्या आणि १९०० साली त्यांनीही तो धर्म घेतला. १९३४ पासून भागाभागानं निघालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचून मराठी माणूस अजून हसतो आहे. आता या बाईला शिडीवर किती गुण द्यायचे? आणि ते हसू नवऱ्यानं आणून दिलं होतं की बाईंनी स्वतः तयार केलं?

माझं म्हणणं साधं आहे. किडकी वांगी आणून दिली आणि बाईनं ती निवडून, कापून, मसाला घालून झकास भाजी केली, तर कौतुक बाईचं करायचं असतं. भाजी चांगली झाली, याचा अर्थ वांगी चांगली होती असा होत नाही. पण आपल्याकडे होतं काय, की बाई सुखी दिसली की जो तो म्हणतो, "बघा, आम्ही स्थळ किती चांगलं शोधलं होतं!" तत्त्वज्ञ म्हणतो भाजीच खोटी, आणि नातेवाईक म्हणतात वांगीच उत्तम. मधल्या मध्ये चुलीपाशी कोण उभं होतं, हे दोघेही विसरतात. माझं समाधान खरं आहे. पण ते माझ्या कष्टाचं आहे. त्याची पावती दुसऱ्या कोणाच्या नावानं फाडू नये.

बायकांना खरं काय वाटतं, हे ऐकायचं असेल तर जागा बदलायला हवी. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे, पुरुषमाणसं झोपेत असताना, पीठ पाडता पाडता म्हटलेल्या. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट बघणं, सगळं त्यांत आहे. जातं कोणाला चहाडी करत नव्हतं. पोस्टकार्डावर 'काळजी नसावी' आणि जात्यावर सगळी काळजी, असा तो हिशेब होता.

म्हणून मला वाटतं, प्रश्न 'करमतं ना?' हा नाहीच. 'नाही करमत' असं उत्तर आलं तर ते ठेवायला जागा आहे का, हा आहे. परतीच्या तिकिटाचे पैसे तिच्या स्वतःच्या पाकिटात आहेत का? माहेरी तिची खोली आहे, की तिथे आता भावाची मोटारसायकल उभी असते? कायद्यानं आपलं काम केलं. महाराष्ट्रानं १९९४ साली एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली देशभर कायदा बदलला तेव्हा तीही अट गेली. त्यानंतर माहेरच्या प्रेमाला एक नवीनच भरती आली. बहिणीला गाडी करून नेतात, आमरस वाढतात आणि हात धुवायच्या आत हक्कसोडपत्र पुढे करतात. सही करून बहीण साडी घेऊन परत येते. सही का केलीस विचारलं तर म्हणते, "माहेर तुटायला नको." म्हणजे जायला घर राहावं म्हणून ती घरातला वाटा सोडते! बोट बंदरात दिसत राहावी म्हणून तिकीट परत करणारा प्रवासी देवळालीच्या छावणीत कोणी पाहिला नसेल.

जिला परत जाता येतं आणि तरी ती राहते, तिचं 'करमतं' मी डोळे मिटून मानीन. बाकीच्यांचं मानीन, पण डोळे उघडे ठेवून.

आमची सून इंदूरची. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला 'करमतं ना?' विचारायचं नाही असं ठरवलं होतं. महिन्याभरानं विचारलं, "काय काय करमत नाही, ते सांग. यादी कर." ती आधी घाबरली. मग तिनं तीन गोष्टी सांगितल्या. घराची स्वतंत्र किल्ली नाही; ती त्याच दिवशी करून आणली. पोह्यांवर शेव नसते. नाशिकात शेवेला काय तोटा, डबा भरून ठेवला. तिसरी गोष्ट अवघड होती. गुरुवारी संध्याकाळी तिचं घरून ऑफिसच्या लोकांशी बोलणं असतं, आणि नेमकं त्याच वेळी पलीकडच्या खोलीत आमच्या अकराजणींचे टाळ सुरू होतात.

मंडळापुढे विषय ठेवला. जळगावच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्या वेळी कोणी विचारलं होतं का?" आजी म्हणाल्या, "नव्हतं विचारलं, म्हणून तर आता कळतंय." बरीच चर्चा झाली, चहा दोनदा झाला. मंडळ आता बुधवारी भरतं. बुधवार पांडुरंगाचाच असल्यामुळे शास्त्राची अडचण आली नाही.